कुत्र्याचं पोट आणि दुधाचा हिशेब

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

साताऱ्याजवळच्या एका गावात माझ्या ओळखीच्या एक आजी होत्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे दिनदर्शिका टांगलेली असे आणि तिच्यावर दुधाचा हिशेब. जादा दूध घेतलं की आकडा, गवळी आला नाही की फुली. २०१४ साली या हिशेबात आणखी एक खूण दिसू लागली. एक छोटा गोल आणि त्या गोलात 'चिं'. चिं म्हणजे चिंगी, त्यांची चार वर्षांची गावठी कुत्री. चिंगीला उलटी झाली की त्या तारखेला गोल.

मी जनावरांचा डॉक्टर. त्या वर्षी चिंगीला घेऊन आजींचा मुलगा माझ्याकडे सहा वेळा आला. दर वेळी गोष्ट तीच. दोन दिवस खाणं सोडलेलं, उलट्या, कोपऱ्यात पडून राहणं. मी तपासायचो, सलाईन लावायचो, उलटीचं इंजेक्शन द्यायचो, सोबत थोडं स्टेरॉइड. दुसऱ्या दिवशी चिंगी शेपूट हलवत अंगणात. मुलगा म्हणायचा, "डॉक्टर, तुमच्या हाताला गुण आहे." मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. आजार काय, तर माझ्या कागदावर दर वेळी एकच शब्द : अपचन. चिंगीचं पुढे काय झालं ते सांगतोच. पण त्याआधी कुत्र्याच्या पोटाविषयी थोडं बोलू. "आमच्या कुत्र्याला सारख्या उलट्या होतात, त्याचं पोटच नाजूक आहे," हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा आठवडा जात नाही.

कुत्रा हा मुळातच सहज उलटी करणारा प्राणी. घोड्याला जवळजवळ उलटी करताच येत नाही, उंदराला तर मुळीच नाही. कुत्र्याचं तसं नाही. मिळेल ते आधी गिळायचं आणि मानवलं नाही तर बाहेर टाकायचं, ही त्याच्या पोटाची जुनी सवय. लांडग्यांमध्ये शिकारीहून परतलेले मोठे पिलांसाठी पोटातलं अन्न बाहेर काढतात आणि पिलं ते आनंदाने खातात. त्यामुळे तुमच्या कुत्र्याने एकदा उलटी केली, पाच मिनिटांनी खेळायला लागला आणि संध्याकाळी ताट चाटूनपुसून साफ केलं, तर डॉक्टरकडे धावायचं कारण नाही. दवाखान्यात त्याला उगाच सुई टोचली जाईल एवढंच.

गवताचंही तसंच. कुत्रा गवत खातो तो पोट बिघडलं म्हणून, उलटी व्हावी म्हणून, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी कुत्री पाळणाऱ्या लोकांकडून माहिती गोळा करून २००८ साली प्रसिद्ध केली. त्यात गवत खाण्याआधी कुत्रा नेहमी आजारी दिसतो असं सांगणारे शंभरात आठच निघाले आणि खाल्ल्यावर नेहमी उलटी होते असं सांगणारे बावीसच्या आसपास. बाकीची कुत्री गवत खातात ती आवडतं म्हणून. फक्त नुकतंच औषध फवारलेलं गवत असेल तर त्याला तिकडे जाऊ देऊ नये.

प्रश्न सुरू होतो तो उलटी पुन्हापुन्हा होऊ लागली की. तीन आठवडे उलटून गेले तरी थांबून थांबून उलट्या होतच असतील, तर 'काहीतरी खाल्लं असेल' हे उत्तर पुरत नाही. अशा वेळी मी पहिला प्रश्न विचारतो तो ऐकून लोक जरा चमकतात. मी विचारतो, ती उलटीच होती का?

उलटी होण्याआधी कुत्रा अस्वस्थ होतो, लाळ गाळतो, ओठ चाटतो. मग उमासे येतात. पोट भात्यासारखं आत-बाहेर होतं आणि नंतर पोटातलं बाहेर पडतं. याउलट काही कुत्र्यांचं अन्न उमासे न येता, मान खाली घातली की भळकन बाहेर येतं. जेवल्यावर लगेच, न पचलेलं, कधी अन्ननलिकेच्याच आकाराचं लांबट. ही उलटी नव्हे. हे अन्न पोटात पोचलेलंच नसतं. अन्ननलिका सैल पडून रुंदावली असेल किंवा तिथे काही अडकलं असेल तर असं होतं. अशा कुत्र्याला तुम्ही उलटीच्या गोळ्या वर्षभर दिल्यात तरी उपयोग शून्य. शिवाय ते अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती. तेव्हा उमासे येतात की नाहीत, एवढं एक बघितलंत तरी डॉक्टरचं निम्मं काम होतं.

दुसरा प्रश्न वेळेचा. पहाटे किंवा सकाळी उठल्या उठल्या पिवळा फेस ओकणारी कुत्री पुष्कळ असतात. एरवी ठणठणीत. संध्याकाळी सातला जेवण होतं, मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोट रिकामं, आणि त्या रिकाम्या पोटात आतड्यातलं पित्त मागे येऊन चुरचुरतं. याला औषधापेक्षा सोपा उपाय आहे. त्याच्या दिवसभराच्या खाण्यातलाच एक लहान वाटा काढून ठेवायचा आणि झोपण्यापूर्वी, दहा-साडेदहाला द्यायचा. बऱ्याच कुत्र्यांची ही तक्रार एवढ्यानेच थांबते. नाही थांबली, तर पुढे शोधायचं. माणसांची ॲसिडिटीची गोळी मात्र मनाने देऊ नये. आपल्याकडे ही गोळी चहाबरोबर घेण्याइतकी अंगवळणी पडली आहे, म्हणून ती कुत्र्यालाही चालते असं लोक धरून चालतात. ती गोळी अल्सरसारख्या ठरावीक कारणांसाठी आहे. साध्या पोटबिघाडात तिची गरज नसते.

काही कुत्री आधाशासारखी खातात. दुसरा कुत्रा शेजारी असला तर विचारूच नका. अशांना खोलगट भांड्याऐवजी मोठ्या परातीत पसरून घाला, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत घाला. खर्च काहीच नाही.

आता खाण्याविषयी. "काय खातो?" असं विचारलं की उत्तर येतं, "चिकन-भात, दोन वेळा." मी गप्प बसतो. दोन मिनिटांनी कुणीतरी म्हणतं, "आणि सकाळी दूध-पोळी." मग मुलगी सांगते, "आजोबा चहातलं बिस्कीट देतात." आजोबा म्हणतात, "अर्धंच!" नंतर कळतं की खालचा वॉचमनही देतो, शेजारच्या काकू देतात आणि रविवारी मटणाची नळी असते. ही यादी पूर्ण व्हायला कधीकधी तीन भेटी लागतात.

यातलं दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. दुधातली साखर पचवणारा रस पिलूपणी भरपूर असतो, वाढत्या वयात कमी होतो. तळणीतलं तूप-तेल, मटणाची चरबी, कोंबडीची कातडी एकदम पोटात गेली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. तो आजार साधा नव्हे. कुत्रा कळवळतो, वाकून उभा राहतो, जिवावरही बेततं. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, त्यामुळे रश्श्यातला भात बाद. आपल्या महाराष्ट्रात विशेष सांगायला हवं ते द्राक्षं आणि बेदाण्यांविषयी. नाशिक-सांगलीकडे घराघरांत पेट्या येतात. पण द्राक्षांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात आणि किती खाल्ली तर होतील याचा भरवसा देता येत नाही. याचं कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं. अलीकडे, २०२१-२२ च्या सुमारास, अमेरिकेतल्या विषबाधा-तज्ज्ञांनी बोट ठेवलं ते द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांनाही तसाच त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा चिंचेचा गोळा कुत्र्याच्या तोंडाला लागेल असा ठेवू नका.

ऋतूप्रमाणे येणारे पेशंटही असतात. मे महिन्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात दाणे खाऊन फेकलेलं मक्याचं कणीस. कुत्र्याला वास आवडतो, तो गिळून टाकतो. कोय आतड्यात अडकली की उलट्या सुरू. कणीस तर पोटात काही दिवस, कधी काही आठवडे पडून राहतं. आज उलटी, उद्या बरा, परवा पुन्हा उलटी. एक्स-रेत ते खिळ्यासारखं ठळक दिसत नाही, सोनोग्राफी करावी लागते. घरातून कोय नाहीशी झाली असेल तर लाजू नका, आधीच सांगा. आमचे दोन दिवस वाचतात आणि तेवढ्यात कुत्र्याचं आतडंही वाचू शकतं.

आणखी एक. कुत्रा लंगडतो म्हणून घरातली अंगदुखीची गोळी देणारे लोक अजूनही भेटतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं बिघडतात. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी वापरण्यावर आपल्या देशात २००६ सालीच बंदी आली, पण ती गिधाडांसाठी. औषध दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं मरत होती. माणसांच्या डब्यातली गोळी मात्र घराघरांत आहेच.

हे सगळं बंद केलं, जंताचं औषध झालं, शेण तपासून झालं, तरी पोट बिघडतंच आहे असं असेल, तर त्याला एखादं अन्न सोसत नसण्याची शक्यता धरावी लागते. इथे एक गैरसमज दूर करतो. "कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला भाकरी कशी पचणार?" असं आजकाल ऐकू येतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या दारात राहून तो भाकरी पचवायला शिकला आहे. त्रास बहुधा पिष्टाचा नसतो, प्रथिनाचा असतो. कोणतं प्रथिन, हे कुत्र्यागणिक बदलतं. अन्नामुळे ज्यांच्या कातडीला ॲलर्जी होते अशा कुत्र्यांचा २०१६ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गोमांस ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, कोंबडी १५ आणि गहू १३ टक्के असा क्रम होता. पहिलं सोडून द्या. पण दूध, कोंबडी आणि गहू म्हणजे आपल्या कुत्र्याचं रोजचं ताटच की!

ही ॲलर्जी शोधायला रक्ताच्या तपासणीवर फारसं विसंबता येत नाही. खात्रीचा मार्ग जुनाच आहे. त्याने आजवर कधी न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट, एवढंच द्यायचं. चिकनवर वाढलेल्या कुत्र्याला काटे काढलेला उकडलेला मासा आणि बटाटा, असं काहीतरी. मीठ-मसाला-तेल नाही. किंवा प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेलं खास खाद्य मिळतं, ते महाग पण सोयीचं. जुन्यावरून नव्यावर एका दिवसात उडी मारायची नाही. आठवडाभर थोडं थोडं बदलत जायचं. पोटाची तक्रार अन्नामुळे असेल तर बहुतेक वेळा दोन आठवड्यांत फरक दिसतो. कातडी खाजत असेल तर आठ आठवडे धीर धरावा लागतो. बरं वाटल्यावर जुनं अन्न पुन्हा देऊन बघायचं. त्रास परतला, तर चोर सापडला.

ऐकायला सोपं आहे. मोडतं कुठे, तर आजोबांच्या अर्ध्या बिस्किटावर. त्या अर्ध्या बिस्किटात गहू आणि दूध दोन्ही असतं आणि तीन आठवड्यांची मेहनत वाया जाते. म्हणून हा प्रयोग सुरू करण्यापूर्वी मी सगळ्या घराला दवाखान्यात बोलावतो. आजोबांना सांगतो, कुत्र्याला द्यायचं ते तुमच्याच हातून द्या, पण बिस्किटाऐवजी त्याच्या ताटातल्याच बटाट्याची फोड. माणसाच्या हाताला द्यायची सवय असते, ती मोडता येत नाही. वस्तू बदलता येते. हे घरचं साधं अन्न महिनोन्‌महिने मात्र चालवू नका. त्यात कॅल्शियम आणि इतर क्षार कमी पडतात. कारण सापडलं की पुढचा पूर्ण आहार डॉक्टरकडून ठरवून घ्या.

आता घाई कधी करायची ते सांगून टाकतो. पिलू उलट्या करतंय आणि रक्ताचे जुलाब होताहेत, तर पार्वो समजून त्याच तासाला निघा. मोठ्या अंगाच्या कुत्र्याला, ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशांना, उमासे येताहेत पण बाहेर काही पडत नाही आणि पोट फुगत चाललंय, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे सकाळपर्यंत थांबायचं नसतं. उलटीत रक्त, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही, प्यायलेलं पाणीही न टिकणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहणं, ही सगळी दवाखाना गाठायची लक्षणं. पिलाला उपाशी ठेवू नका. मोठ्या कुत्र्यालाही चोवीस तास उपास घडवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. उलटी थांबली की मऊ भात आणि कातडी काढलेलं उकडलेलं चिकन, घास-दोन घास, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावं.

आणि आता चिंगी.

पाडव्याच्या सकाळी तिला गोधडीत गुंडाळून आणली. सातवी वेळ. डोळे खोल, हिरड्या कोरड्या, उभं राहता येत नव्हतं. सोबत या वेळी आजी स्वतः आल्या होत्या आणि त्यांच्या हातात भिंतीवरून काढून आणलेली दिनदर्शिका होती. अकरा गोल. मे महिन्यात नातीच्या लग्नाच्या वेळी, गणपतीत तीन, मग दिवाळीत. मुलगा म्हणाला, "बघा, प्रत्येक सणाला. मोदक, करंज्या, कोण काय देतं कळत नाही." आजी म्हणाल्या, "अरे, गणपतीत ती मोदकाच्या वाऱ्यालासुद्धा नव्हती. ढोल वाजला की पलंगाखाली. दोन दिवस काही खाल्लं नाही तिनं, मग उलट्या." हे आजींनी मुलाकरवी मला याआधीही दोनदा कळवलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात मी तिच्या छातीला नळी लावली. अंगातलं पाणी इतकं कमी झालेल्या जनावराचं हृदय धावायला हवं. चिंगीचं साठाच्या आसपास, सावकाश चाललं होतं. तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाडव्याला लॅब बंद, पण ओळखीच्या एका पॅथॉलॉजिस्टनी घरून येऊन रक्त तपासलं. सोडियम खाली, पोटॅशियम भलतंच वर.

मूत्रपिंडांच्या वर अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांच्यातलं एक संप्रेरक शरीराला ताण सोसायला मदत करतं, दुसरं मीठ-पाण्याचा तोल सांभाळतं. या ग्रंथी वाळत गेल्या की होतो ॲडिसनचा आजार. थॉमस ॲडिसन या इंग्रज डॉक्टरने १८५५ साली माणसांत त्याचं वर्णन केलं, कुत्र्यांतही तो होतो, तरुण आणि मध्यम वयाच्या माद्यांमध्ये जास्त. घर शांत असलं की जनावर ठीक असतं. पाहुणे, फटाके, ढोल आले की कोसळतं. खाण्याशी संबंध नाही, पण दिसतं ते सगळं पोटाचंच. आणि माझ्या हाताचा गुण म्हणजे काय, तर सलाईनमधून तिला मीठ-पाणी मिळत होतं आणि स्टेरॉइडमधून तिच्यात कमी असलेलं संप्रेरक. सहा वेळा मी नकळत बरोबर औषध दिलं, सहा वेळा तिला दुसऱ्या दिवशी बरी म्हणून घरी पाठवली आणि आजार आत तसाच वाढत राहिला. आणखी काही तास गेले असते तर पोटॅशियमने तिचं हृदय थांबलं असतं.

चिंगी वाचली. पुढे पुण्याला नेऊन खात्रीची चाचणीही केली. फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या आणि अगदी थोडं प्रेडनिसोलोन, रोज, आयुष्यभर. गणपती आणि दिवाळीच्या आधी मात्रा थोडी वाढवायची. आजी नवी दिनदर्शिका आणली की ते दिवस आधीच लाल पेनाने घेरून ठेवत. अकरा वर्षांची होऊन २०२१ साली चिंगी गेली.

तेव्हापासून वारंवार उलट्या करणारं कुत्रं आलं की मी पोटावर थांबत नाही. मूत्रपिंड, यकृत, सोडियम-पोटॅशियम, आपल्याकडचा गोचीड-ताप, हे सगळं रक्तात बघतो. खर्च होतो, लोक कुरकुरतात. पण त्याआधी त्यांच्याकडून एक बिनखर्चाचं काम करून घेतो. दुधाचा हिशेब आता कुणी लिहीत नाही, पण दिनदर्शिका घरोघरी आहे. उलटी कोणत्या तारखेला, किती वाजता, जेवणानंतर किती वेळाने, उमासे आले का, रंग काय, आणि त्या दिवशी घरात काय चाललं होतं, एवढं लिहा. वजन महिन्यातून एकदा. आणि मोबाइलवर उलटीचा फोटो काढून आणा. ओंगळ वाटलं तरी आणा, आम्हाला सवय असते.